रोजच्याच रस्त्यावर जपून: कोकणात गाडी चालवणाऱ्यांसाठी

दापोलीहून हर्णेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत माझं दुचाकीचं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. पडलेली गाडी टेम्पोतून माझ्या दारात उतरते आणि ती कशी पडली हे सांगायला घरातलं कुणीतरी सोबत येतं. त्यात एक वाक्य हमखास असतं: "रोजचाच रस्ता हो, डोळे मिटून गेला असता."

मागच्या पावसाळ्यात अशीच एक स्कूटर आली. पुढचा मडगार्ड आत गेलेला, हँडल वाकडं, पायाजवळ दुधाच्या किटलीचं झाकण अडकलेलं. डिकी उघडली तर आत हेल्मेट. एक ओरखडा नाही, आतल्या कापडाला अजून दुकानाचा वास. चालवणारा आमच्याच वाडीतला, घरापासून दीड किलोमीटरवर डेअरीत दूध घालायला निघालेला. परत आला नाही. त्या दिवसापासून गाडी दुरुस्त करून देताना मी प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलतो. जे बोलतो तेच इथे लिहून काढतोय.

आमच्या लहानपणी रस्ते अरुंद होते, खड्ड्यांचे होते. पण वळण आलं की हॉर्न वाजायचा, चढणीवरच्या गाडीला उतरणारा वाट द्यायचा, समोरून दिवे दिसले की डिपर व्हायचा, म्हणजे दिव्याचा झोत खाली यायचा. कुणी शिकवत नव्हतं, पाहून यायचं. आता डांबर गुळगुळीत झालं, गाड्या दुप्पट वेगाच्या झाल्या आणि या सवयी मात्र गळून गेल्या. पाऊस, गुरं, वळणं, लाल माती हे सगळं आहे तिथेच आहे.

निघायच्या आधी, अंगणात

दर रविवारी दहा मिनिटं गाडीला द्या. आधी टायर. खोबणीत मधे मधे आडव्या बारीक पट्ट्या असतात. बाजूचं रबर झिजून त्या पट्टीच्या पातळीला आलं की टायर संपला. चारचाकीच्या टायरला ही पट्टी १.६ मिलिमीटरवर असते. मी स्वतः पावसाळ्याच्या तोंडावर तिथवर थांबत नाही, मे महिन्यातच बदलायला सांगतो. पाणी बाहेर काढायला खोबणीच उरली नाही तर टायर रस्त्याला टेकतच नाही, पाण्यावर तरंगतो.

मग ब्रेक. आपल्याकडे खारी हवा. केबलचं बाहेरचं आवरण चांगलं दिसतं आणि आतली तार गंजलेली असते. तपासायची रीत सोपी आहे: लिव्हर दाबून एकदम सोडा. झटकन मागे यायला हवा. रेंगाळत आला तर केबल बदलायची, तेल सोडून दिवस ढकलायचे नाहीत. मागच्या ड्रमजवळ बऱ्याच गाड्यांना एक छोटा बाण असतो. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो ड्रमवरच्या खुणेशी पोचला म्हणजे लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, संपले. हा बाण दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही मी बोट लावून दाखवला आहे.

मागचा लाल दिवा एकट्याला दिसत नाही, म्हणून महिनोन् महिने बंद राहतो. रात्री गाडीची पाठ घराच्या भिंतीकडे करून ब्रेक दाबा. भिंत लाल झाली पाहिजे. पावसाळ्यात चिखलानं दिवा झाकतो, तेव्हा सीटखाली एक फडकं ठेवा आणि निघताना पुसा. आरसे काढून ठेवले असतील तर आजच्या आज बसवा.

हेल्मेट

आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक बघूनच घ्या. रस्त्याकडेला ढिगात मिळतं ते कडक टोपी असतं, आत धक्का शोषणारं जाड थर्माकोल नसतं. पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतकाच सैल ठेवा, आणि मागून हात घालून हेल्मेट पुढे ढकला. निघून आलं तर ते पडल्यावरही निघणार. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी टाकून द्या. रात्री काळी काच चालत नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं, आणि त्यांत मागे बसलेले चौदा हजारांहून जास्त होते. म्हणून मागच्यालाही हेल्मेट. चार वर्षांवरच्या मुलाला तर कायद्यानंच सक्ती आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या पोराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पोराला पुढे टाकीवर किंवा स्कूटरच्या फळीवर उभं करून बाजारात नेऊ नका. अचानक ब्रेक लागला की ते हँडलवर आपटतं, आणि मागून आपलं वजन त्याच्यावर येतं.

आणखी एक, खास आपल्याकडचं. पावसात मागे बसून छत्री उघडू नका. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, वारा भरला की छत्री शिडासारखी गाडी ओढते. साडीचा पदर आणि ओढणी आवळून घ्या, साडीगार्ड काढू नका. रेनकोट घ्यायचाच आहे तर पिवळा किंवा भगवा घ्या. काळा रेनकोट घातलेला माणूस पावसाच्या संध्याकाळी समोरच्याला दिसतच नाही.

रस्ता कुठे निसरडा होतो

मृगाच्या पहिल्या सरीत माझ्याकडे सगळ्यात जास्त गाड्या येतात. आठ महिन्यांचं ऑइल, धूळ आणि टायरचं रबर डांबरावर बसलेलं असतं. थोडं पाणी पडलं की त्याचा साबण होतो. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं टपरीवर थांबा, जोराच्या सरीनं ते धुऊन जाऊ द्या.

पुढे जुलैत वेगळ्या जागा सांभाळायच्या. चिऱ्याच्या खाणीतून आणि प्लॉटिंगच्या कामातून ट्रक बाहेर पडतात तिथे चाकांची लाल माती रस्त्यावर येते. ओली असताना ती लोण्यासारखी असते. झाडांच्या सावलीत जिथे ऊन पोचत नाही तिथे डांबराच्या कडेला शेवाळ धरतं. समुद्राकाठच्या रस्त्यांवर वळणात वाळू येऊन साचते. आणि बंदराच्या वाटेवर मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं पाणी गळत जातं, त्यात मासळीचा बुळबुळीतपणा असतो. हर्णे बंदरावरून येणाऱ्या चढणीवर मी स्वतः एकदा या पाण्यात आडवा झालो होतो. अशा ठिकाणी ब्रेक दाबायचा नाही, हँडल झटकायचं नाही. जागा येण्याआधी वेग कमी करून सरळ, एका चालीत पार व्हायचं. साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, लोखंडी पट्ट्या आणि रंगवलेले पांढरे पट्टे यांवरूनही असंच.

वळण आणि घाट

वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. ब्रेकचं काम सरळ रस्त्यावर संपवा, गिअर उतरवा, हॉर्न द्या, डावी बाजू धरून आत शिरा. नजर पुढच्या चाकासमोर ठेवू नका, वळण जिथून सुटतं तिकडे ठेवा. गाडी नजरेमागे जाते.

उजवीकडच्या वळणात एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. चाक आपल्या बाजूला असतं, पण गाडी कलल्यामुळे डोकं आणि खांदा मधल्या पट्ट्यापलीकडे गेलेला असतो. समोरून एसटी आली तर ती नेमकी तिथेच लागते. म्हणून उजव्या वळणात मधल्या पट्ट्यापासून किमान हातभर-दोन हात आत राहा.

तीव्र वळणावर एसटीला किंवा लांब ट्रकला अख्खा रस्ता लागतो. तिचं तोंड बाहेरून येतं आणि मागचं चाक आतल्या कडेला घासत जातं. ती वळण घेताना दिसली की दहा-पंधरा मीटर अलीकडेच थांबा. आतल्या बाजूनं नाक खुपसलंत तर दरड आणि मागचं चाक यांच्यात सापडाल. कुंभार्ली, आंबा, आंबेनळी, करूळ, घाट कुठलाही असो, चढणारी गाडी आधी. तिला थांबवलं तर पुन्हा उठवायला क्लच जळतो आणि मागे घसरण्याची भीती असते. हे नियमातही आहे, जुन्या ड्रायव्हरांना नियम न वाचता ठाऊक होतं.

उतरताना एकच सूत्र: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन गाडीला धरून ठेवतं. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर लायनर तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणावर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. असा वास आला तर सुरक्षित जागी अर्धा तास थांबा, आणि तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करून उतरणं मला अगदी सहन होत नाही. चारचाकीत इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा जड होतो, स्टिअरिंगही जड होतं. वाचलेलं पेट्रोल शंभर मिलिलिटर असेल.

पावसाळ्यात डोंगराकडच्या बाजूला गाडी लावून फोटो काढत उभं राहू नका. वरून बारीक खडे घरंगळायला लागले, कुठून तरी गढूळ पाण्याची नवी धार फुटली, झाड कललेलं दिसलं तर दरड हलतेय असं समजा आणि मागे फिरा. दाट धुक्यात, विशेषतः आंबोलीला, अप्पर लावला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते, म्हणून डिपरच ठेवा. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

रात्र आणि गुरं

पावसाळ्यात गुरं रस्त्यावर का बसतात हे आपल्याला ठाऊकच आहे. बाकी सगळीकडे ओल, आणि डांबर त्यातल्या त्यात कोरडं, दिवसाची ऊब धरून असलेलं. वारा लागतो, गोमाश्या कमी येतात. आपली गुरं अंगानं बुटकी, रंगानं काळी-तांबडी. बसलेली गाय ओल्या डांबरावर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

इथे थोडा हिशेब मांडतो. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. गाय दिसली, मेंदूत शिरलं, हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण ३५ मीटर. एकूण ६०. आणि साध्या दुचाकीचा डिपर नीट दाखवतो तीस-चाळीस मीटरपर्यंत. म्हणजे ६० च्या वेगात गाय दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. ४० च्या वेगात हेच अंतर ३२-३३ मीटर होतं. रात्री ओल्या रस्त्यावर ४०, यापुढे नाही. मी माझ्या मुलालाही हाच आकडा दिला आहे.

समोरून कुणी अप्पर मारत आला तर त्याच्या दिव्यांकडे बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेचा पांढरा पट्टा धरा आणि वेग उतरवा. त्याला धडा शिकवायला उलट अप्पर देऊ नका, मग दोघेही आंधळे. एक गुरू आडवं गेलं तर मागून आणखी येणार असं धरूनच चाला, आणि गुराच्या पुढून नाही, शेपटीमागून निघा. ते पुढे धावतं, मागे सरत नाही.

ज्यांची गुरं आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे. रात्री गोठ्यात बांधा. ते होत नसेल तर निदान गळ्यात रेडियमचा पट्टा घाला. मी गॅरेजात उरलेल्या रेडियमचे तुकडे जुन्या बेल्टवर चिकटवून देतो, पैसे घेत नाही. दोन्ही बाजूंनी दिसेल असा चिकटवायचा, कारण पट्टा मानेभोवती फिरतो.

पुलावरचं पाणी

मोरीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. गढूळ पाण्याखाली कठडा आहे की तुटलाय, रस्ता आहे की खचलाय, काही दिसत नाही. दोन फूट वाहतं पाणी मोटारही उचलतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात गेला, आणि काळोखात दोन एसटी बस थेट नदीत गेल्या. पाणी ओसरल्यावर निघालात तर पुढचा थोडा रस्ता ब्रेक हलका दाबत जा, म्हणजे ड्रम कोरडा होतो.

महामार्गावर येताना

मुंबई-गोवा महामार्ग, जुना १७ आणि आताचा ६६, चौपदरी झाला तशी एक नवी वाईट खोड लागली: पुढच्या कटापर्यंत जायला नको म्हणून उलट्या बाजूनं यायचं. समोरची गाडी शंभरच्या वेगात सेकंदाला २८ मीटर येते. तिच्या ड्रायव्हरला त्या पट्ट्यात समोरून कुणी येईल ही कल्पनाच नसते. एक-दोन किलोमीटर फेरा पडू दे.

चालत ओलांडणाऱ्यांसाठी: एका बाजूचे दोन पट्टे पार करायला तरण्या माणसाला सहा सेकंद लागतात, आजीला नऊ. नऊ सेकंदांत ती शंभरच्या वेगातली गाडी अडीचशे मीटर येते. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं एकेकटी ओलांडू देऊ नका. मधल्या दुभाजकापाशी थांबून पुन्हा बघायचं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेनं, येणारी गाडी तोंडासमोर दिसेल असं चाला, आणि हातात बॅटरी असू द्या.

गणपतीला आणि शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्यांनो, दिवसभर काम करून रात्री दहाला मुंबईहून निघू नका. पहाटे तीन ते पाच डोळा लागतो. काच उघडून, गाणी लावून झोप जात नाही. गाडी थांबवून वीस मिनिटं झोपा. घरच्यांनीही दर तासाला "कुठवर आलात?" म्हणून चालवणाऱ्याला फोन करू नये.

मुलांच्या हातात चावी

सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा असतो. आपल्या घरातली स्कूटर ११०-१२५ सीसीची आहे. म्हणजे अठरा पूर्ण होईपर्यंत नाही. पोरानं गाडी चालवून कायदा मोडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, विम्याचाही घोळ होतो. क्लासला जायला एसटी वेळेवर नसते ही अडचण खरी आहे, मी ती जाणतो. तरी चार घरं मिळून रिक्षा ठरवा.

अपघात दिसला तर

थांबा. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोलिस तुम्हाला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, दवाखाना तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही.

आधी मागून येणाऱ्यांना सावध करा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे माणूस उभा करा, झाडाचे टाळे, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून रस्त्यावर ठेवा. आपल्याकडे टाळा दिसला की पुढे काहीतरी आहे हे सगळ्यांना कळतं. दगड ठेवू नका. बिघडलेला ट्रक सकाळी निघून जातो, दगड तिथेच राहतात, आणि रात्री त्यांवर दुसरा पडतो. अशा दगडांवर पडलेल्या तीन गाड्या मी दुरुस्त केल्या आहेत.

मग १०८. पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा. फोनवर "घाटात" एवढं सांगून रुग्णवाहिका सापडत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड बघा. पिवळ्या माथ्याचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या माथ्याचा असेल तर राज्य मार्ग. त्यावरचा आकडा, तालुका, जवळची वाडी आणि जखमी किती, एवढं सांगा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जोरात दाबून धरा, सारखी उचलून बघू नका. पाणी पाजू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, माणसाला उठवून बसवू नका, मान हलवू देऊ नका. रिक्षात दुमडून कोंबल्यामुळे चालता माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. रुग्णवाहिकेला फारच वेळ असेल आणि न्यावंच लागलं, तर दाराची फळी आणा, तीन-चार जणांनी एकदम उचला, डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नेमलेल्या दवाखान्यांत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच त्याबद्दल विचारा.

वाडीनं मिळून करायचं काम

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ काढा. कोयते घेऊन वळणांच्या आतल्या बाजूची झुडपं कापा, म्हणजे समोरची गाडी दिसेल. गटारातला पाला काढा, नाहीतर पाणी माती घेऊन रस्त्यावर येतं. वळणावरच्या झाडांच्या बुंध्यांना चुना मारा, त्यावर रेडियमची पट्टी लावा. आमच्या वाडीत हे तीन वर्षं चाललंय, वीस माणसं असली की दुपारच्या जेवणाआधी आटपतं.

खड्डा, तुटलेला कठडा, खचलेली साइडपट्टी यांचा अर्ज योग्य जागी गेला पाहिजे. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. अर्जात रस्त्याचं नाव, किलोमीटरचा आकडा आणि तारखेसह फोटो द्या. माझा पहिला अर्ज चुकीच्या कचेरीत आठ महिने पडून होता. आता दोन प्रती नेतो, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतो आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवतो. डेअरीजवळच्या त्या वळणावर कठडा मिळावा म्हणून दिलेल्या अर्जाची पोच गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती घेऊन मी पुन्हा कचेरीत जातो.